कडीखालची जागा

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल. मला अठरावं चालू होतं, आणि लातूरच्या अडत बाजारात थप्पीवर उभा राहणारा माझ्या वयाचा दुसरा गडी नव्हता. कुणाला ही फुशारकी वाटली तर वाटू द्या, फुशारकीच आहे. चौथी शिकलेल्या माणसाला मिरवायला आयुष्यात दोन-तीनच गोष्टी मिळतात, त्यातली ही एक. मी आडदांड उंच होतो, आबांवर गेलो होतो. दारातून जाताना वाकायचो आणि बाजारात कुणापुढं वाकायचो नाही.

थप्पी म्हणजे पोत्यांची भिंत. ट्रक लागला की टोळीतला एक जण त्याच्या मागच्या उघड्या फाळक्यावर उभा राहून पोतं पाठीवर द्यायचा. बाकीचे ते गोदामात न्यायचे, लाकडी फळीवरून चढायचे आणि थप्पीवाल्याच्या पायाशी टाकायचे. थप्पीवाला ते हुकानं ओढून, गुडघ्यानं दाबून, एक आडवं एक उभं असं बसवायचा. वाहणाऱ्याचं काम पाठीचं, थप्पीवाल्याचं काम नजरेचं. तो ओझं घेऊन चालत नसतो, म्हणून त्याचा मान मोठा, आणि मानाबरोबर जोखीमही त्याचीच. थप्पी पडली तर नाव त्याचं. मग टोळीचा रिवाज असा, की ज्याची थप्पी पडली त्यानंच ती आपल्या हातानं पुन्हा उभी करायची. ती उभी होईपर्यंत टोळी त्याच्या हातचं पाणी पीत नाही. कुणी केला हा रिवाज, मला माहीत नाही. चांगला होता का वाईट, हे त्या वेळी कुणी विचारत नव्हतं. पाणी प्यायचं नाही म्हणजे नाही.

आमच्या आबांची थप्पी पडली होती. तुरीची होती, छपराला टेकलेली. त्यात आबांची कंबर गेली आणि खाली फळीवर असलेल्या मैनूभाईचा गुडघा सापडला. मैनूभाई म्हणजे मैनुद्दीन, टोळीतला सगळ्यात जुना वाहणारा. त्याचा गुडघा कसाबसा भरून आला, आबांची कंबर नाही आली. आता ज्या माणसाला बाजेवरून उठता येत नाही तो थप्पी कशी लावणार? टोळी वाईट नव्हती. सणाला घरी धान्य यायचं, दवाखान्याला माणसं आली. पण आलेला माणूस बाजेजवळ बसायचा, तब्येत विचारायचा आणि तांब्याकडं न बघता उठून जायचा. आबा दरवेळी तांब्या पुढं सरकवायचे. मी पोरगा होतो, बघत होतो. मिसरूड फुटायच्या आत मी मुकादमाकडं जाऊन थप्पीची जागा मागितली. जागा आमचीच होती. मला ती सरळ लावून दाखवायची होती. किती थप्प्या लावल्या त्याचा हिशेब नाही, एकही वाकली नाही. पण माझ्या थप्पीनं आबांची थप्पी उभी राहत नव्हती. रिवाजात तसं कलम नव्हतं.

घर बाजाराच्या मागच्या अंगाला, दोन खणांचं, पत्र्याचं. पहाटे पहिला आवाज ट्रकच्या इंजिनाचा, दुसरा मायच्या सुपाचा. माय बाजारात सांडलेलं झाडून आणायची, खडे-माती पाखडून त्यातलं धान्य वेगळं करायची. त्यामुळे आमच्या घरची भाकरी कधी निव्वळ ज्वारीची नसायची. तिच्यात बाजाराला त्या दिवशी जे आलं असेल ते थोडं थोडं असायचं, हरभरा, मूग, कधी मका. भाकरीवर येसराची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. आबा बाजेवर पडून फाटकं बारदान शिवायचे. दाभण तागातून जाताना खर्र असा आवाज व्हायचा, आणि तो थांबला की समजायचं, आबा काहीतरी बोलणार. ते कमी बोलायचे. मी कामावरून आलो की एकच विचारायचे, “सरळ हाय का?” मी म्हणायचो, “हाय.” मग पुन्हा खर्र.

बाजाराच्या भिंतीला लागून एका शाळेचं मैदान होतं. दुपारी ट्रक नसला की आम्ही हमाल तिथल्या लिंबाखाली पडायचो. तिथं निलंग्याकडचे एक मास्तर पोरांना बास्केटबॉल शिकवायचे. त्यांच्या बोलण्यात कानडी मिसळलेलं, पोरं सुस्तावली की “बेग बेग” म्हणून ओरडायचे. बेग म्हणजे लवकर. त्यांच्या पोरांना सरावाला समोर कुणी नव्हतं, म्हणून एक दिवस त्यांनी आम्हालाच उठवलं. पाच जण उठलो. मी, मैनूभाई, देगलूरकडचा व्यंकट, ज्याला गप्प बसणं माहीत नव्हतं, आणि कंधारचे दोघे भाऊ. त्यांची नावं होती, पण सगळा बाजार त्यांना थोरला आणि धाकटा एवढंच म्हणायचा. मैनूभाईचा गुडघा तसला, तरी तो उठला, कारण बाकीचे घोरत होते.

पहिल्या दिवशी आमची जी शोभा झाली ती सांगण्यासारखी आहे. शाळेतली पोरं बॉल घेऊन यायची आणि आम्ही बाजूला व्हायचो. पाचही जण. हमालाच्या हाडात एक गोष्ट मुरलेली असते. समोरून ओझ्याचा माणूस आला की रिकाम्या माणसानं वाट द्यायची. ओझेवाला “वाट” म्हणतो, आणि तो म्हणायच्या आधीच आपला पाय बाजूला गेलेला असतो. पाय गेला नाही तर त्याची मान मोडते. आता ते पोरगं बॉल घेऊन जोरात आलं की आमच्या पायाला वाटायचं, ओझ्याचा माणूस आला. मास्तर डोक्याला हात लावून खाली बसले. “अरे, अडवा की त्याला. लग्नाची वरात हाय का, वाट सोडून राहिलात?” व्यंकट म्हणाला, “मास्तर, लेकराच्या हातात जड दिसलं.” ती सवय मोडायला आम्हाला दोन हंगाम लागले, आणि पुरती मोडली असं मी आजही म्हणणार नाही.

मास्तरांनी मला बघताक्षणी कडीखाली उभं केलं. बॉल टाकायची ती लोखंडी कडी, तिच्याखाली मी. बाकीच्यांनी बॉल वर फेकायचा, मी हात वर करून घ्यायचा आणि कडीत घालायचा. चुकला तर खाली मीच. ते मला लगेच कळलं, कारण ती थप्पीच होती. लोक आणून देतात, आपण वरच्यावर बसवतो. त्या मैदानावर मी कडीखालची मातीसुद्धा ओळखायचो, कुठं खळगा, कुठं खडा. आम्ही जिंकायला लागलो. आजूबाजूच्या शाळा झाल्या, मग मोठ्या गड्यांचे संघ झाले. हळूहळू लोकांनाही कळलं की या हमालांचा सगळा खेळ त्या लांब्याकडं जातो. मग माझ्या अंगाला दोन-दोन माणसं चिकटायला लागली. आम्ही हरायला लागलो.

मास्तर त्यानंतर बरेच दिवस बाजाराच्या भिंतीवर बसून आमचं काम बघायचे. आम्हाला वाटायचं, यांना शाळेत काम नाही. मग एका संध्याकाळी त्यांनी आम्हाला मातीत बसवलं. म्हणाले, “पोतं टाकलं की तुम्ही तिथंच उभं ऱ्हाता का?”

“उभं ऱ्हायलो तर मागचा पाठीत पोतं घालंल,” थोरला म्हणाला.

“मग इथं का उभं ऱ्हाता? बॉल दिला की सुटायचं. जिथं मोकळं दिसंल तिथं जायचं. तू गेलास की तुझी जागा मोकळी झाली, तिथं दुसऱ्यानं यायचं. कुनाची जागा कुनाची न्हाई. पाचही जण फिरते. समोरच्याला कळूच नये, कुनाला धरावं.”

मैनूभाईनं गुडघ्यावर हात फिरवला. “मास्तर, ये गुडघा तो पळ नक्को म्हणतो. माझं कसं?”

“तुमी चाला, मैनूभाई. बाकीचे पळत असले की चालनारा दिसत न्हाई.” मग ते माझ्याकडं वळले. “रंग्या, तू कडीखालून बाहेर यायचं.”

“का?”

“तू तिथं उभा हायस म्हनून त्यांचा सगळ्यात उंच गडी बी तिथंच उभा हाय. तू बाहेर आलास तर तो तुझ्यामागं येतो. मग ती जागा मोकळी.”

“मोकळी करायला मी तिथं कशाला उभा होतो?”

व्यंकट म्हणाला, “मास्तर, ह्याला खाली उतरवायचं तर फळी लावावी लागंल.” सगळे हसले. मी नाही हसलो.

“थप्पीवाला खाली येत नसतो, मास्तर.”

“ही थप्पी न्हाई रे बाबा.”

“तुमच्यासाठी न्हाई,” मी म्हणालो, आणि उठून आलो.

मी मैदानावर जाणं सोडलं. घरी आबांना सांगितलं तर दाभण थांबलं. म्हणाले, “बरं केलंस. जागा सोडणारा आणि बाजार सोडणारा सारखाच.” माय चुलीपुढून म्हणाली, “जागा जागा करून दोघं बी एका जागी बसलाव. मला मातुर रोज सगळा बाजार फिरावा लागतो, तवा चूल पेटती.” तिच्या बोलण्यात राग नव्हता, ती भाकरी थापत होती. दाभण पुन्हा खर्र झालं.

पण भिंत मध्ये होती आणि मी उंच होतो. दुपारी ते चौघे खेळायला गेले तरी मी उरलेल्या टोळीबरोबर कामावर असायचो, आणि थप्पीवर उभं राहिलं की गोदामाच्या वरच्या झरोक्यातून मैदान दिसायचं. त्या चौघांनी सुताराच्या पोराला पाचवा घेतला होता आणि ते मास्तरांच्या पद्धतीनं फिरत होते. आधी नुसता गोंधळ, एकमेकांवर आदळायचे. मग एका दुपारी मी बघितलं, थोरल्यानं बॉल दिला आणि डावीकडं पळाला, धाकटा त्याच्या जागी आला, व्यंकट आरडाओरडा करत उलट्या अंगाला गेला, शाळेची पोरं त्यांच्यामागं. आणि मधल्या मोकळ्या वाटेनं मैनूभाई, लंगडत, चालत, कडीखाली गेला. त्याच्या हातात बॉल आला. त्यानं तो हळूच कडीत ठेवला, अंड्यांची टोपली ठेवावी तसा. आजूबाजूला एक माणूस नव्हता. तो जिथं उभा होता ती माझी जागा होती. माझ्या पायाशी टाकलेलं पोतं तसंच पडलं होतं आणि फळीवरून थोरल्याचा चुलता ओरडत होता, “रंग्या, झोपलास का?”

त्याच दुपारी मला दुसरंही दिसलं. बॉल चुकला की कडीखाली कुणीच नसायचं. वर उसळलेला बॉल समोरचे घेऊन जायचे, आमची पाच माणसं पाच दिशांना. दुसऱ्या दिवशी मी मैदानावर गेलो. मास्तरांचं पटलं म्हणून नाही. कडीखाली कुणी नाही हे मला बघवेना म्हणून.

माझी एक नात इथंच लातुरात खेळते. तिच्या मैदानाला सिमेंट आहे आणि तिच्या बुटांना आमच्या वेळच्या बुटांपेक्षा जास्त भोकं आहेत, ती मुद्दाम ठेवलेली असतात म्हणे. परवा मी बघायला गेलो आणि म्हणालो, कडीखाली कुणीच कसं नाही? ती म्हणाली, “आजोबा, आता कुणाला ठरलेली जागा नसते. सगळ्यांनी सगळं खेळायचं. नवीन पद्धत आहे.” मी तिला म्हणालो, ही नवीन पद्धत मी तुझ्या सरांच्या जन्माआधी खेळून, भांडून, हरून बसलोय. तिला खरं वाटलं नाही. म्हणून इथं लिहून ठेवतो, वाचेल तेव्हा वाचेल. ह्या पद्धतीत एका माणसावर खेळ थांबत नाही, हे खरं. एकाला धरलं तर दुसरा सुटतो, दुसऱ्याला धरलं तर तिसरा. लंगडा माणूस जिंकून देतो, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. ज्याला कुणी बॉल देत नव्हतं त्यालाही द्यावा लागतो, आणि मग तो शिकतो. पण तिच्यात पाचही जण सारखे जागे लागतात. एकानं डुलकी काढली की चौघांचं पळणं मातीत. दम लवकर जातो. बुटका गडी फिरत फिरत उंच माणसापुढं सापडतो आणि मार खातो. मोकळं झालं की बॉल कडीकडं मारायचा, ही खोड लागते, मग थांबायची वेळ आली तरी थांबता येत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सगळ्यांची जागा ती कुणाचीच नसते. घरातल्या रांजणासारखं आहे. सगळ्यांनी भरायचा ठरवलं की कोरडा पडतो.

असं सगळं मनात ठेवून मी खेळलो. बाहेर आलो, पळालो, बॉल दिला, सुटलो. लोकांनी मला धरायचं सोडलं नाही, त्यामुळे मी जिकडं जाईन तिकडं दोन माणसं घेऊन जायचो आणि मागं वाट पडायची. व्यंकट म्हणायचा, “रंग्या दोन बैल घेऊन निघाला, आता नांगर धरा.” त्याच हिवाळ्यात आम्हाला नांदेडच्या सामन्यांचं बोलावणं आलं.

हरभऱ्याचा ट्रक नांदेडला चालला होता, त्याच्यावर पोत्यांवर बसून आम्ही आदल्या दिवशी गेलो. मायनं धपाटे दिले होते, मैनूभाईच्या घरून चिंचेच्या खट्ट्याचा डबा. वारा तोंडावर, खाली हरभऱ्याचा वास. संध्याकाळी गुरुद्वाऱ्याच्या लंगरात पंगतीला बसलो. आमच्यातला धाकटा उभा राहून वाढायलाच लागला, बस म्हटलं तरी बसेना, म्हणाला, इथं सगळेच वाढून राहिलेत. सकाळी सामने. पहिले दोन कसे गेले ते सांगत बसत नाही, जिंकलो. शेवटचा सामना तिथल्या कॉलेजच्या पोरांशी. पांढरे बनियन, पांढरे बूट, आणि त्यांचा एक गडी माझ्याहून बोटभर उंच. आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडं मान वर करून बघितलं.

ती पोरं ठरलेल्या जागांवर खेळत होती, आणि चांगली खेळत होती. कडीखालचा कडीखाली, बाजूचा बाजूला. आम्ही त्यांच्याभोवती फिरत राहिलो. सुरुवातीला त्यांना सुधरेना, कुणी कुणाला धरायचं यावरून त्यांची आपसात भांडणं लागली. मैनूभाई मधे चालत होता आणि दर फेरीला बॉल त्याच्या हातातून फिरून जात होता. पण पुढं पुढं आमचा दम गेला. रेल्वेची शिट्टी झाली, मुदखेडकडून गाडी येत होती, तेव्हा शेवटची काही मिनिटं उरली होती आणि आम्ही एका गुणानं पुढं होतो. मास्तर रेषेवरून ओरडत होते, “मारू नका, फिरवा, नुसता फिरवा.”

आम्ही फिरवला. मी कडीखाली होतो. माझ्या पायाला तिथून निघायचं नव्हतं, हे मला आजही आठवतं. पण थोरला बॉल देऊन माझ्या दिशेनं सुटला, म्हणजे मी जागा करून द्यायला पाहिजे होती. मी बाहेर कोपऱ्याकडं गेलो. पद्धतीप्रमाणं बरोबर गेलो. थोरल्यामागं त्याचा गडी होता म्हणून तो कडीखाली न थांबता पलीकडं निघाला, तेही बरोबर. त्या गडबडीत धाकटा मोकळा झाला, आणि मोकळा झाला म्हणून त्यानं मारला. बॉल कडीला लागून वर उडाला. खाली कुणी नव्हतं. माझी एवढीशी माती रिकामी होती आणि त्यांचा तो उंच गडी सावकाश तिच्यात आला, बॉल घेतला आणि लांब फेकला. त्यांचं एक पोरगं बॉल घेऊन सुटलं. त्याच्यापुढं एकटा मैनूभाई. पोरगं जीव खाऊन आलं, आणि मैनूभाई बाजूला झाला. त्यानं वाट दिली. पाय गेला तो गेला. बॉल कडीत पडला आणि शिट्टी झाली.

परतीचा ट्रक रिकामा होता, मास्तर पुढं ड्रायव्हरजवळ. आम्ही फाळक्याला पाठ लावून बसलो. अहमदपूर आलं. मी वाट बघत होतो, नाव कुणाचं निघतं याची, कारण आमच्यात पडलेल्या गोष्टीला नाव लागतंच. मग धाकटा म्हणाला, “मास्तर मारू नका म्हनत व्हते. म्या मारला.”

“मी कडीखाली थांबायला पायजे हुतं,” थोरला म्हणाला. “तुझं न्हाई ते.”

“माझा गडी व्हता तो, बॉल घेऊन पळाला तो,” व्यंकट म्हणाला. ट्रक एवढा वेळ चालला आणि व्यंकट एवढंच बोलला, ह्यावरून काय ते समजा.

मैनूभाई म्हणाला, “अरे, सबके सामने वाट मी सोडली. तुमी कशाला मधी घुसून राहिले?”

“जागा माझी होती,” मी म्हणालो. “कडीखालची. मी सोडून गेलो.”

“तू जायलाच पायजे होतं. मैं गया तो तू जाता, तू गया तो वो आता. जगा किसकी थी? सगळ्यांची.” तो गुडघा चोळत बसला. ट्रक खड्ड्यात आपटला, सगळे हलले, पुन्हा नीट बसले. मग तो कुणाकडं न बघता म्हणाला, “त्या दिवशी तुरीची थप्पी पडली, तवा बी पोती आपण सगळ्यांनीच वाहिली होती. खालची पोती वल्ली होती ती मी बी पाठीवर घेतली, तुमी बी घेतली. पाठीला वल्लं कळतं ना रे? कुनी बोल्लं नाही. नाव एकट्या दादाचं लागलं.” दादा म्हणजे माझे आबा.

थोरल्यानं आपली टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली.

बाजारात उतरलो तेव्हा दिवे लागले होते. मी घराकडं वळलो तर मागं पावलं वाजली. मैनूभाईची एक पाय ओढणारी चाल मी झोपेतही ओळखली असती. त्याच्यामागं ते तिघे. मी दारात वाकून आत गेलो. आबा बारदान शिवत होते. त्यांनी विचारलं, “काय झालं?” मी म्हणालो, “हरलो.” मैनूभाई आत येऊन बाजेजवळ खाली बसला, दुखरा पाय लांब करून.

“दादा,” तो म्हणाला, “पानी पिलाव. तुमच्या हातनं.”

दाभण तागात अर्धं गेलेलं तसंच राहिलं. मायच्या चुलीपुढं फुंकणी थांबली. आबांनी हात लांब करून तांब्या घेतला. एवढी वर्षं दरवेळी तो पुढं सरकवणारा हात, पण त्या दिवशी त्या हाताला तांब्या जड झाला. थोडं पाणी मैनूभाईच्या सदऱ्यावर सांडलं. त्यानं ओंजळ केली आणि तो प्याला, सगळा तांब्या. मग थोरला खाली बसला. मग धाकटा. मायनं रांजणातून तांब्या भरून आबांच्या हातात दिला, पुन्हा भरून दिला. व्यंकट शेवटचा. तो प्याल्यावर आबा म्हणाले, “सावकाश. ठसका लागंल.”

ते गेल्यावर आम्ही जेवलो. आबांनी एक भाकरी जास्त खाल्ली. हात धुताना मी त्यांना म्हणालो, मैनूभाईला त्या गुडघ्यानं पोतं घेऊन फळी चढवत नाही. ते समजले. मग म्हणाले, “थप्पी एका हाताचीच सरळ ऱ्हाती, रंगनाथ. धा हात लागले की वाकती.” मी म्हणालो, हाव. खोटं नव्हतं बोलत. मला आजही तसंच वाटतं, आणि जो म्हणेल जागा नसलेली बरी, त्याच्याशी मी आजही भांडायला उभा आहे. “उद्या करडी लागणार हाय,” आबा म्हणाले. “करडीचं पोतं घसरतं.” आणि त्यांनी दाभण हातात घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी करडीचा ट्रक लागला. मुकादम आला, टोळी जमली, गोदामाचं दार उघडलं. मी सवयीनं फळीपाशी गेलो, तिच्यावर एक पाय ठेवला, आणि काढून घेतला. कमरेचा हूक सोडून मैनूभाईच्या हातात दिला. तो हुकाकडं बघत राहिला. मी म्हणालो, “वर जावा. करडी हाय, घसरती, ध्यान ठेवा.” मुकादमानं विचारलं, “रंग्या, हे काय?” मी म्हणालो, दुपारी मी चढतो, उद्या थोरला चढंल. मुकादम काहीतरी पुटपुटला आणि बिडी पेटवायला वळला. मैनूभाई आडवा आडवा, रिकाम्या पाठीनं फळी चढला.

मी ट्रककडं गेलो, फाळक्याकडं पाठ केली आणि वाकलो. पोतं पाठीवर आलं. थप्पीवरून हजारो पोती हातांखालून गेली होती, पण पाठीवर ते किती जड असतं हे मला माहीत नव्हतं. बाजार सगळा जमिनीएवढा दिसायला लागला, नुसते पाय, चपला, सांडलेली करडी. माझ्या वाटेत पाय होते, टोळीचे, अडत्यांचे, बायकांचे. मी तोपर्यंत कधीच तो शब्द उच्चारला नव्हता, मला त्याची गरज पडली नव्हती.

“वाट,” मी म्हणालो.

समोरचे सगळे पाय बाजूला झाले.